आल्प्समध्ये गाडी घेऊन निघताय? आधी या चुका टाळा

दर जानेवारीत कुणा ना कुणा नातेवाइकाची एक्सेल शीट माझ्या व्हॉट्सॲपवर येते. म्युनिक, साल्झबर्ग, हाल्श्टाट, कोर्टिना, स्टेल्व्हियो, लेक कोमो, इंटरलाकेन, परत म्युनिक. दिवस सहा. खाली एकच ओळ: "जमेल ना रे?" म्युनिकमध्ये राहून बारा वर्षं मी एकच उत्तर देतोय. यातली निम्मी नावं खोडा.

सगळ्यात महागात पडते ती तारखेची चूक. आपल्याकडे मुलांना सुट्टी मेमध्ये, म्हणून ट्रिपही मेमध्ये. पण उंचावरचे कितीतरी घाट तेव्हा बर्फामुळे बंद असतात. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा रस्ता साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो. इटलीतला २७५७ मीटरवरचा स्टेल्व्हियो घाट मात्र मेअखेर किंवा जूनमध्ये. स्वित्झर्लंडमधले फुर्का आणि सुस्टेनही त्याच सुमारास.

नाशिकचा माझा मावसभाऊ हे ऐकायला तयार नव्हता. त्याने व्हिडिओ पाहून प्लॅन केला होता: प्रातोहून स्टेल्व्हियोची ती ४८ वळणं चढायची आणि पलीकडे बोर्मिओला मुक्काम. हॉटेल नॉन-रिफंडेबल, पैसे भरलेले. मेचा तिसरा आठवडा. सकाळी मॅप साडेतीन तास दाखवत होता. "ॲप गंडलंय, अंतर तर पंचेचाळीस किलोमीटर आहे," म्हणत त्याने गाडी काढली. पायथ्याच्या बोर्डवर घाट बंद असल्याचं इटालियन आणि जर्मन दोन्ही भाषांत लिहिलेलं होतं. तरी ट्राफोई गावापर्यंत गेलोच. त्याच्या वर रस्त्यावर फाटक आडवं. फाटकापलीकडे थोडं ओलं डांबर दिसत होतं आणि पुढच्या वळणावर पुरुषभर उंचीची बर्फाची भिंत. मागच्या सीटवर मावशीने दशम्यांचा डबा उघडला, मुलांच्या हातात एकेक ठेवली. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

मग उलटं फिरून ओफेन घाटाने झेर्नेझ, तिथून बर्निना घाट चढून तिरानो आणि पुन्हा वर बोर्मिओ. पावणेदोनशे किलोमीटर. बर्निना बारमाही उघडा ठेवतात म्हणून निभावलं. वर लागो बियांको तळं अजून गोठलेलं होतं आणि त्याच्या काठाने लाल रेल्वे चालली होती. मावशीला आजही त्या ट्रिपमधलं तेवढंच आठवतं.

तेव्हापासून मी हॉटेल बघण्याआधी प्रत्येक घाटापुढे "बारमाही" किंवा "हंगामी" लिहितो. हंगामी असेल तर त्या रात्रीचं हॉटेल फ्री कॅन्सलेशनवालंच, मग दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. आदल्या संध्याकाळी घाट उघडा आहे का तेही बघतो. मेमध्येच यायचं असेल तर ब्रेनर, ओफेन, युलियर, बर्निना यांच्यावर रूट बांधा. यातला एकही घाट दुय्यम नाही.

दुसरी चूक म्हणजे किलोमीटरवरून दिवस मोजणं. बोल्झानो ते कोर्टिना हा डोलोमाइट्स या उत्तर इटलीतल्या डोंगररांगांमधला जुना रस्ता जवळपास ११० किलोमीटरचा. पुणे-महाबळेश्वरपेक्षा थोडा कमीच. म्हणून लोक तो सकाळी उरकून दुपारी पुढच्या गावाला निघतात. अरे, पण तो रस्ता हीच तर ट्रिप आहे! पोर्डोई घाट अराब्बाच्या बाजूने उतरायला ३३ वळणं आहेत, पुढे एखादी बस असली की संपलंच. मी त्याला अख्खा दिवस देतो आणि थांबे ठरवतो दोनच. सकाळी बसगाड्या यायच्या आत कारेझा तळं. दुपारी फाल्झारेगो घाटावरून रोपवेने लागाझुओईला. पहिल्या महायुद्धात इटालियन आणि ऑस्ट्रियन सैनिकांनी त्या डोंगरात बोगदे खोदले, ते आत शिरून पाहता येतात. डोक्याला टॉर्च आणि अंगात जाकीट हवं. त्यालाच तीन तास लागतात. तिसरा थांबा घातलात की तिन्ही ठिकाणी फक्त पार्किंग शोधाल. रीलसाठी गाडीतून उतरून फोटो मारून पळणं मला पटत नाही. त्यापेक्षा एक गाव कमी करा.

आता बाकीच्या. आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढा, नुसत्या लायसन्सवर इटलीत गाडी चालवू नका. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या मोटरवेसाठी विनियेट, म्हणजे टोलचं स्टिकर, लागतं. डिजिटल घेणार असाल तर ते नंबरप्लेटवर असतं, म्हणून भाड्याची गाडी ताब्यात आल्यावरच घ्या. ब्रेनर मोटरवेचा टोल त्याशिवाय वेगळा. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडायची असेल तर त्याचे जादा पैसे किती ते आधी विचारा, नाहीतर गोल फिरून परत या.

इटलीतल्या जुन्या शहरांत 'झेडटीएल' असते, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असलेला भाग. पांढऱ्या बोर्डवर लाल गोल दिसला की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि महिन्यांनी दंड घरी येतो, वर भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीचा चार्ज. हॉटेल आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधीच कळवा. पंपावर 'गासोलिओ' म्हणजे डिझेल, पेट्रोल म्हणजे 'बेन्झिना'. नावावरून अंदाज बांधू नका, टाकीच्या झाकणावर लिहिलेलं वाचा.

आणि घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय नको. ऑटोमॅटिकमध्येही मॅन्युअल मोड असतो, तो लावा आणि चढताना जो गिअर लागला असता त्यातच उतरा. जळका वास आला तर बाजूला घेऊन अर्धा तास गाडी थंड होऊ द्या. मागे रांग लागली असेल तर जागा दिसताच तिला पुढे जाऊ द्या. स्विस घाटात वळणाआड तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला तर पलीकडून पोस्टाची पिवळी बस येतेय. वळणाच्या अलीकडेच थांबा, ती जाऊ द्या, मग निघा.