खिमा-चीजचा भरलेला पाव आतून कच्चा का राहतो? या चुका टाळा

घरी केलेला खिमा-चीजचा भरलेला पाव फसला की दोष आधी यीस्टला दिला जातो, मग ओव्हनला आणि शेवटी मैद्याच्या ब्रँडला. कापलेल्या पावाकडे नीट पाहिले, तर खरे कारण बहुतेक वेळा समोरच दिसते. सारणाखालचा थर राखट, चकचकीत आणि बोटाला चिकटणारा असतो, सारणाच्या वर बोटभर पोकळी असते आणि बाहेरचे कवच मात्र छान तांबूस झालेले असते. यीस्ट मेलेले असते तर पाव फुगलाच नसता आणि ओव्हन थंड असता तर कवचाला रंग आला नसता. हा पाव बिघडतो तो आतल्या पाण्याने, आणि मराठवाड्यात मार्च ते जून या महिन्यांत त्याला उष्णतेची जोड मिळते.

मध्यम आकाराच्या ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, मावणाऱ्या एका पावासाठी 300 ग्रॅम मैदा, 175 मिलीलिटर पाणी, 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 5 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम साखर आणि 25 ग्रॅम लोणी किंवा तेल घ्यावे. सारणाला 300 ग्रॅम कच्चा खिमा आणि 120 ग्रॅम चीज पुरेसे होते. खालचे सर्व विवेचन याच प्रमाणाला धरून आहे.

मांस आणि पाव यांची या भागातली सर्वांत प्रसिद्ध जोडी म्हणजे छत्रपती संभाजीनगरची, म्हणजेच जुन्या औरंगाबादची, नान-खलिया. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्या काळाशी या पदार्थाचा संबंध जोडला जातो. त्यात नान तंदुरात वेगळा भाजतात, खलिया देगेत वेगळा शिजतो आणि दोघांची गाठ थेट ताटात पडते, त्यामुळे रस्सा कितीही पातळ असला तरी नानाचे काही बिघडत नाही. भरलेल्या पावात ही सोय नाही. तिथे मांस आणि कच्चे पीठ पाऊण तास एकमेकांना चिकटून राहतात आणि खिम्याने सोडलेला प्रत्येक थेंब पिठालाच प्यावा लागतो.

खिम्यातले पाणी

पहिली चूक खिमा घरी आणल्याबरोबर होते. चाळणीत घालून तो नळाखाली धुतला जातो आणि बारीक तुकड्यांच्या त्या ढिगात पाणी अडकून बसते. मग तो कितीही पिळला तरी पूर्ण निथळत नाही. मांस धुवायचेच असेल तर ते अख्खे असताना धुवावे, कोरड्या फडक्याने टिपावे आणि त्यानंतरच त्याचा खिमा करून घ्यावा. कोंबडीचा खिमा बोकडाच्या खिम्यापेक्षा जास्त पाणी सोडतो, म्हणून तो परतायला अधिक वेळ राखून ठेवावा.

दुसरी चूक कढईत होते. जेवणासाठी आपण खिमा करतो तेव्हा त्यात टोमॅटो घालतो, झाकण ठेवतो आणि थोडा रस मुद्दाम राखतो, कारण तो पावाबरोबर किंवा भाकरीबरोबर खायचा असतो. तोच खिमा पावात भरला की घात होतो. सारणाच्या खिम्यात टोमॅटो घालू नये. कांदा बारीक चिरून आधी एकटाच तांबूस होईपर्यंत परतावा, मग मोठ्या आचेवर खिमा घालावा, झाकण अजिबात ठेवू नये आणि उलथन्याने गोळे सतत मोडत राहावे. सुरुवातीला कढईत पाण्याचे तळे साचते आणि आवाज उकळण्याचा येतो. पाणी आटत आले की तो आवाज बदलून चरचर ऐकू येऊ लागते. त्यानंतरही दोन-तीन मिनिटे परतावे. खिमा तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी कढईच्या मधोमध उलथन्याने रेघ ओढावी आणि कढई किंचित कलती करावी. रेघेत तूप-तेलाची बारीक धार उतरली तर चालते, पण धुरकट पाणी उतरले तर खिमा पुन्हा आचेवर जायला हवा.

उरलेला ओलावा ओढून घेण्यासाठी पुस्तकांत ब्रेडचा चुरा सांगितलेला असतो, पण मराठवाड्यातल्या घरात त्याहून चांगली वस्तू डब्यात असते, ती म्हणजे येसर. भाजलेली धान्ये, डाळ आणि मसाला यांचे ते पीठ आमटीला जसा दाटपणा आणते, तसेच ते खिम्यातला रसही धरून ठेवते आणि वर काळ्या मसाल्याची चव देते. एवढ्या खिम्याला एक मोठा चमचा येसर शेवटच्या दोन मिनिटांत भुरभुरून परतावे. येसर नसेल तर फुटाण्याच्या डाळ्याचे पीठ चालते. कोथिंबीर आणि पुदिना धुऊन पूर्ण कोरडे करावे आणि खिमा गार झाल्यावरच मिसळावे.

खिमा गार होऊ न देणे ही चूक सर्वांत महाग पडते, कारण इथे घाई करणारे पुष्कळ असतात. गरम सारण पिठावर पसरले की त्याची वाफ पिठावरच थिजते, पिठातले लोणी वितळते आणि तो भाग चिकट होतो. यीस्ट साधारण 55 ते 60 अंश सेल्सिअसला मरते, त्यामुळे कढईतून नुकताच उतरवलेला खिमा त्याच्या खालच्या थरातले यीस्ट मारूनही टाकतो. खिमा परातीत पातळ पसरून गार करावा आणि मग झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. बोकडाच्या खिम्याची चरबी त्यात थिजते, ती चमच्याने सहज बाजूला काढता येते.

चीज कोणते आणि कुठे

केवळ मोझरेला वापरले तर तारा सुटतात, पण त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते. पाण्यात बुडवून विकले जाणारे ताजे मोझरेला तर या कामासाठी घेऊच नये. दुकानात मिळणारे प्रोसेस्ड चीजचे क्यूब तारा देत नाहीत, मात्र त्यातल्या क्षारांमुळे ते वितळल्यावर फाटत नाही आणि तेलही सोडत नाही. म्हणून 80 ग्रॅम मोझरेला आणि 40 ग्रॅम प्रोसेस्ड चीज असे मिश्रण मला अधिक भरवशाचे वाटते. पनीर वितळत नाही, त्यामुळे ते चीजच्या जागी घालून उपयोग नाही. किसलेल्या चीजचा निम्मा भाग आधी पिठावर पसरावा, त्यावर खिमा आणि सर्वांत वर उरलेले चीज घालावे. प्रोसेस्ड चीज बरेच खारट असते, तेव्हा खिम्यातले मीठ त्या हिशेबाने कमी करावे.

पीठ आणि इथला उन्हाळा

पाककृतीत "पीठ एक तास झाकून ठेवा" असे लिहिलेले असते. ते 25-26 अंशांच्या स्वयंपाकघरासाठी असते. नांदेडला किंवा परभणीला मे महिन्यात दुपारी पारा 42 अंशांच्या आसपास असतो, त्या हवेत पीठ बऱ्याच आधी दुप्पट होते आणि तासभर राहिले तर ते फुगून खाली बसते. अशा पिठाला आंबूस वास येतो, लाटताना ते फाटते आणि कितीही चिमटले तरी त्याचा जोड टिकत नाही. उन्हाळ्यात पीठ पहाटे मळावे, पाणी माठातले किंवा फ्रीजमधले घ्यावे आणि यीस्ट 4 ग्रॅमऐवजी अडीच ग्रॅम करावे. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. ओले बोट पिठात अर्धा इंच रुतवून काढल्यावर खळगा हळूहळू आणि अर्धवट भरून आला तर पीठ तयार आहे, लगेच भरून आला तर थांबायला हवे आणि भरलाच नाही तर उशीर झाला आहे. डिसेंबर-जानेवारीत मात्र उलट अडचण येते. परभणीला तेव्हा पारा कधी कधी दहा अंशांखाली जातो आणि पीठ हलतच नाही. अशा वेळी पिठाचे भांडे बंद ओटीजीत ठेवावे, शेजारी कढत पाण्याची वाटी ठेवावी आणि ओटीजी चालू करू नये.

यीस्टबद्दल शंका असेल तर चिमूटभर साखर घातलेल्या कोमट पाण्यात ते दहा मिनिटे ठेवून पाहावे. फेस आला नाही तर ते फेकून द्यावे. गव्हाचे पीठ मिसळायचे असेल तर मैद्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नको आणि ज्वारीचे तर नकोच, कारण तिच्यात पिठाला चिवटपणा देणारे ग्लुटेन नसते आणि पाव सारणाचे ओझे पेलू शकत नाही.

भरणे आणि जोड

पुरणपोळी करणाऱ्या हाताला हे वेगळे सांगायला नको: सारण सैल असेल किंवा हावरेपणाने जास्त भरले तर पोळी फुटतेच. पावाचेही तसेच आहे. सगळ्या सारणाचे वजन मळलेल्या पिठाच्या वजनाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त होऊ देऊ नये. पीठ अंदाजे 30 गुणिले 25 सेंटिमीटरच्या आयतात लाटावे आणि मध्यभाग कडांपेक्षा थोडा जाड ठेवावा. अनेकजण सगळीकडे सारखे लाटतात आणि तळाशी ओझे आल्यावर पाव तिथेच फाटतो. चारही बाजूंनी दोन बोटे कडा कोरड्या सोडाव्यात. कडेला खिम्याच्या तेलाचा थेंब जरी लागला तरी तिथला जोड भाजताना उघडतो आणि चीज ट्रेमध्ये वाहते. कडेवर तेलकट हात लागला असेल तर ती जागा कोरड्या मैद्याने पुसून घ्यावी, मग पाण्याचे बोट फिरवून घट्ट चिमटावे आणि जोड खाली येईल असा पाव ट्रेवर ठेवावा.

सारणावरची पोकळी वाफेमुळे होते. वाफेला वाट मिळाली नाही तर ती पावाचे छत वर उचलते आणि ते तसेच कडक होते. धारदार सुरीने वर चार-पाच तिरप्या चिरा द्याव्यात, त्या सारणापर्यंत पोहोचल्या पाहिजेत. ज्यांना पोकळीचा त्रास वारंवार होतो त्यांनी वेणीचा आकार करून पाहावा. पिठाच्या दोन्ही बाजू पट्ट्यांत कापून सारणावर एकाआड एक दुमडल्या की वाफेला जागोजागी वाट राहते.

भाजताना

ओटीजी खालचे आणि वरचे दोन्ही रॉड चालू करून किमान पंधरा मिनिटे तापवावा. 200 अंशांवर पंधरा मिनिटे आणि मग 180 वर वीस मिनिटे हा अंदाज ठीक आहे. वरून रंग लवकर आला तर फॉइल झाकावी, तापमान कमी करू नये. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा फिरवून भाजण्याची, सोय असेल तरच हा पाव होतो, साध्या मायक्रोवेव्हवर तो रबरासारखा होतो.

तळ कच्चा राहण्याचे एक कारण पातळ ट्रे असते. घरातला लोखंडी तवा ओटीजीत मावत असेल तर तो आतच तापवून त्यावर पावाचा ट्रे ठेवावा, तळाला ताबडतोब उष्णता मिळते. दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही आणि ते गावाकडे जास्त भोवते. रॉडची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळाले तर तो सुमारे 24 टक्के कमी उष्णता देतो. शेतीपंप सुरू असण्याच्या वेळी ओटीजीच्या चकतीवर 200 अंश लिहिलेले असले तरी आत तेवढे तापमान नसते. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक घ्यावा आणि पावाच्या मध्यभागी टोचायचा दुसरा तापमापक घेता आला तर उत्तमच. मध्यभाग 93 अंशांच्या वर गेला की पीठ शिजलेले असते. मध्येच वीज गेली तर दार उघडू नये, आतली ऊब काही मिनिटे काम करत राहते.

ओव्हनच नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर पसरून, त्यावर जाळी ठेवून आणि घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर पाव होतो, पण वरचा रंग मिळत नाही. त्यापेक्षा गावातली बेकरी बरी. सणाच्या आधी नानकटाईचे पीठ भट्टीत भाजून देणारे बेकरीवाले हे कामही करतात. फक्त लादीपावाच्या कडक भट्टीत हा पाव लावू देऊ नये, कारण कवच काळे पडेल आणि आतला भाग तसाच राहील. लादी निघाल्यानंतर उतरत्या आचेवर तो ठेवायला सांगावे.

कापणे आणि ठेवणे

पाव गरम खायचा असतो हे खरे, पण ओव्हनमधून काढल्याबरोबर सुरी लावली तर चीज वाहून जाते आणि आतला भाग दबून लगदा होतो. जाळीवर पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, तेवढ्यात तो गार होत नाही. ट्रेमध्येच ठेवला तर मात्र खालची वाफ तळ ओला करते आणि एवढे सगळे जपून केलेले काम शेवटच्या टप्प्यात वाया जाते.

हवेचे तापमान 32 अंशांच्या वर असताना शिजलेले मांस तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये, आणि आपल्याकडे वर्षातले कित्येक महिने दुपारी हीच स्थिती असते. उरलेला पाव कोमट असतानाच काप करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. पुन्हा गरम करताना काप फॉइलमध्ये गुंडाळून 160 अंशांवर पंधरा मिनिटे ठेवावेत आणि शेवटची तीन मिनिटे फॉइल उघडावी, म्हणजे कवच पुन्हा खुसखुशीत होते.