साखर आणि विसर: घरोघरच्या या चुका टाळा

फोंड्यात माझं औषधांचं दुकान आहे. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी येतं: "भाई, आईचं डोकं चालेना, मेंदूचं टॉनिक द्या." टॉनिकं फळीवर आहेत, खपतातही. पण आधी विचारतो, मधुमेह आहे का? २०२३ च्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. त्यामुळे उत्तर बहुतेकदा 'हो'च येतं.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे प्रत्येक गोंधळ वयावर ढकलणं. एका एकादशीला एक मुलगा धावत आला. आई घामाघूम, त्यालाच ओळखेना. शेजारणीने दृष्टही काढली होती. उपास? हो. गोळी? "ती कधी चुकवत नाही." ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, आणि पोटात नुसता बिनसाखरेचा चहा! ग्लुकोमीटर हातात देऊन त्याला पिटाळलं. फोनवर आकडा आला ४६. सत्तरच्या खाली गेली की साखर कमीच. आई शुद्धीत होती, गिळत होती, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग पेज. थोड्या वेळाने बाई मुलालाच विचारते, "आज कामाला नाही गेलास?" (शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा.)

साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. मधुमेहींमध्ये डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका साधारण दीडपट दिसतो. पण साखर वारंवार फार खाली गेलेल्या वृद्धांतही हा धोका जास्त आढळलाय. आणि विसरभोळा माणूस जेवण विसरतो, गोळी दोनदा घेतो, की साखर पुन्हा खाली.

तरी घाईवाले येतातच: "शेजाऱ्याची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) साडेसहा टक्के, बाबांची साडेसात का? डोस वाढवू?" अहो, थकलेल्या, अनेक आजार असलेल्या वृद्धांना डॉक्टर स्वतःच आठपर्यंत सूट देतात. शेजाऱ्याचा रिपोर्ट शेजाऱ्याकडे राहू द्या.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासा. ते कमी पडलं तरी विसर पडतो.

विसरणाऱ्या माणसाच्या हाती इन्सुलिन देऊ नका.

आठवड्याच्या खणांची डबी चांगलीच, पण माझा भरवसा भिंतीवरच्या कॅलेंडरवर. गोळी दिली की देणाऱ्याने तारखेवर फुली मारायची. माझ्या वडिलांसाठी आम्ही तेच करतो.

त्या बाईंचा एकादशीचा उपास अजून चालू आहे. त्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय.