माजघरातला उजेड: कृष्णधवल व्यक्तिचित्रात एकटेपण कसे टिपावे

एकटेपणाचे व्यक्तिचित्र काढायला निघालेला नवखा छायाचित्रकार समोरच्या माणसाला हमखास ‘जरा उदास व्हा’ असे सांगतो आणि फोटो तिथेच फसतो. सांगून आणलेली उदासी कृष्णधवलात लगेच उघडी पडते, कारण रंग गेल्यावर रेषा, उजेड आणि मोकळी जागा यांखेरीज पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून आधी जागा व उजेड ठरवावा आणि चेहऱ्याला त्याच्या मर्जीवर सोडावे.

कोकणातील जुन्या घराचे माजघर या कामाला उत्तम, कारण तिथे भर दुपारीही काळोख असतो आणि उजेड बहुधा एकाच बाजूने येतो. शहरात एका खिडकीची कोणतीही खोली चालेल. दिवे बंद करून माणसाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, एक गाल तिच्याकडे येईल असे बसवावे. भिंतीला चुना असेल तर तिच्यावरून परतलेला उजेड सावलीतल्या गालावर पडतो आणि चेहरा सपाट दिसू लागतो. अशा वेळी त्या बाजूला, चौकटीत येणार नाही अशा बेताने, काळी घोंगडी टांगावी. उजेड गिळण्याच्या बाबतीत ती स्टुडिओतल्या महागड्या काळ्या पडद्याला हार जात नाही.

फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात ठेवून कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चित्र तेवढे कृष्णधवल करावे, म्हणजे फोटो घेतानाच करड्या छटा दिसतात आणि रंगांची माहितीही शाबूत राहते. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, त्यामुळे काळोख्या खोलीला तो नको तितकी उजळवतो. त्यावर उपाय म्हणजे चौकटीतला छोटासा भागच मोजणाऱ्या स्पॉट मीटरने फक्त उजेडातला गाल मोजणे. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेला ते मोजमाप जवळपास तसेच ठेवावे, गोऱ्या त्वचेला एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड; एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा) वाढवावा. दुसरा गाल त्याहून दोन-तीन स्टॉप खाली राहिला तर सावलीतही सुरकुत्या दिसतात. पाच स्टॉप खाली गेला की तिथे जवळजवळ नुसता काळा डाग उरतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० केल्याने येणारे दाणे या विषयाला शोभतात, हललेला फोटो मात्र वाया जातो, म्हणून शटरचा वेग १/१२५ सेकंदापेक्षा मंद ठेवू नये.

८५ मिमीच्या लेन्सने पार्श्वभूमी पुसून टाकण्याचा मोह इथे आवरावा. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स आणि तिचे छिद्र एफ/४ ठेवून आठ-दहा फुटांवर उभे राहिल्यास मागचा रिकामा झोपाळा ओळखू येतो, आणि तो ओळखू येणे गरजेचे असते. एरवी नजरेच्या दिशेला जागा सोडण्याचा प्रघात आहे. ती पाठीमागे सोडली तर चित्र अस्वस्थ होते. मला हे आवडते, पण दर फोटोत केल्यास त्याची क्लृप्ती होते.

यानंतरचे काम थांबण्याचे आहे. माझी आत्या पहिली दहा मिनिटे पदर सावरून, फोटोसाठी म्हणूनच बसली होती. मग तिने सवयीने पानाचे तबक ओढले, सुपारी अडकित्त्यात धरली आणि कातरायचे विसरून खिडकीबाहेर पाहत राहिली. त्या अवधीत पाच फ्रेम मिळाल्या आणि एकच ठेवण्याजोगी निघाली, कारण बाकीच्या चारांत अडकित्त्याचे पाते असे चमकले होते की पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावर ठरेना.

संगणकावर लाल आणि नारिंगी छटा थोड्या खाली आणल्या की त्वचा गडद होऊन रेषा उठून दिसतात. लाल रंग न ओळखणाऱ्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर चेहरे असेच उमटत. हात सैल सोडला तर मात्र चेहरा काजळी फासल्यासारखा होतो. छपाईसाठी मॅट कागद घ्यावा आणि पडद्यावर योग्य वाटते त्यापेक्षा चित्र किंचित उजळ ठेवावे, कारण कागदावर सावल्या आणखी खोल जातात.