परदेशी स्वयंसेवा सर्व वंशांच्या उमेदवारांना खुली कशी करावी

जाहिरातीतले फोटो बदलण्याआधी खर्चाची पद्धत बदला. विमानभाडं, विमा, व्हिसा शुल्क संस्थेनं थेट भरावं. 'आधी भरा, पावती द्या' म्हटलं की हाताशी पैसे नसलेला उमेदवार तिथंच गळतो. व्हिसासाठी 3-4 महिने हाती ठेवा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला) अल्पमुदतीचा व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसच राहू देतो. काम त्याहून लांबणार असेल तर साधारणपणे त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो, हे अर्जातच सांगा. मुलाखतीत परदेशप्रवासाला गुण देऊ नका. घरच्या आजारी माणसाची शुश्रूषा, दुभाष्याचं काम हा खरा अनुभव आहे, त्याला द्या.

गोरेतर स्वयंसेवकाला वर्णद्वेषी बोलणी ऐकावी लागू शकतात. तक्रार ऐकणारी व्यक्ती यजमान कुटुंबाबाहेरची हवी, आणि राहण्याची दुसरी जागा तो पोहोचण्याआधीच ठरलेली हवी.