८८ मिलिमीटरचा एएमएक्स: निरनिराळ्या कंपन्यांचे रणगाडे एका टेबलावर आणताना या चुका टाळा

आम्ही छोट्या प्रतिकृती टेबलावर मांडून जुन्या लढाया खेळतो. दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी आपल्या टेबलाचा फोटो पाठवतं. चार शर्मन रणगाडे रांगेत उभे, मागे काथ्याचं पायपुसणं कापून केलेला ऊस, आणि खाली प्रश्न: "दादा, काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही." मला फोटो नीट उघडायच्या आधीच कळलेलं असतं. दोन शर्मन एका कंपनीच्या डब्यातले असतात, दोन दुसऱ्या कंपनीच्या.

मिसळीला माझी हरकत नाही. करावीच लागते. आमचा खेळ बहुतेक १९६५ च्या भारत-पाक युद्धाचा, पंजाबातल्या खेमकरण-असल उत्तरचा. ८ ते १० सप्टेंबरची ती लढाई मांडायची तर आपल्या बाजूला थ्री कॅव्हलरी रेजिमेंटचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन आणि एट्थ लाइट कॅव्हलरीचे फ्रेंच एएमएक्स-१३ रणगाडे हवेत. समोर पाकिस्तानचे पॅटन आणि शॅफी. इतक्या जातीची वाहनं एकाच कंपनीकडून घेईन म्हणाल तर लढाई मांडायला पुढचा जन्म उजाडेल. पण मिसळ म्हणजे हाताला लागेल ते ताटलीत ओतणं नव्हे.

एका ट्रूपमध्ये दोन डबे

ट्रूप म्हणजे रणगाड्यांची छोटी तुकडी. तिच्यात दोन मापं मिसळणं ही माझी सगळ्यात नावडती चूक. १/७२ म्हणजे खऱ्याचा बहात्तरावा भाग, एका इंचात सहा फूट. १/७६ आलं खेळण्यातल्या ओओ रेल्वेकडून, तिथे एका फुटाला चार मिलिमीटर. एअरफिक्सचे जुने रणगाडे १/७६ चे, रेव्हेल आणि एस्कीचे १/७२ चे. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात आणि दुकानदार बिनधास्त सांगतो, "सेमच आहे."

सेम नाही. शर्मनची बॉडी ५.८४ मीटर. १/७२ ला ती ८१ मिलिमीटर होते, १/७६ ला ७७. चार मिलिमीटरने काय होतंय, असं विचारणारे खूप भेटतात. चार मिलिमीटर नुसते लांबीत नसतात हो, रुंदी आणि उंचीही त्याच प्रमाणात वाढते. लांबीतला साडेपाच टक्क्यांचा फरक घनफळात साडेसतरा टक्क्यांवर जातो. एक शर्मन जेवून आलेला, दुसरा उपाशी.

शर्मनशेजारी सेंच्युरियन ठेवला तर हा फरक कुणाला दिसत नाही, कारण ती मुळातच वेगळी वाहनं. शर्मनशेजारी शर्मन ठेवला की डोळा लगेच चाकं मोजायला लागतो, झाकणांचे आकार बघतो, तोफेच्या नळीची जाडी ताडतो. म्हणून माझा नियम साधा आहे: एका ट्रूपमधले सगळे रणगाडे एकाच डब्यातले. घरात दोन्ही मापं असतील तर टाकून देऊ नका. एक स्क्वॉड्रन (काही ट्रूप मिळून होणारी तुकडी) ७२ चा करा, दुसरा ७६ चा, आणि त्यांना टेबलाच्या दोन टोकांना ठेवा.

आणखी एक. जो रणगाडा खरोखर लहान, तो ७६ चा आणि जो खरोखर मोठा, तो ७२ चा असेल तर निभावून जातं. उलट केलंत तर फसलात. ७.६ मीटरची बॉडी असलेला, पन्नास टनांवरचा सेंच्युरियन ७६ मध्ये १०० मिलिमीटरवर येतो आणि ७२ च्या शर्मनपुढे बिचारा वाटू लागतो.

नळीसकट लांबी

ही चूक मी स्वतः केली आहे आणि पैसे भरून केली आहे.

एएमएक्स-१३ कुठे मिळेना, म्हणून थ्रीडी प्रिंट करून घ्यायचे ठरवले. एका संदर्भात लांबी ६.३६ मीटर दिसली. भागिले ७२, उत्तर ८८ मिलिमीटर. प्रिंट करणाऱ्या पोराला तेवढंच कळवलं. त्याने बिचाऱ्याने विचारलंही, "काका, ८८ नुसत्या बॉडीची, की नळी धरून?" मी घाईत होतो. शनिवारी खेळ होता. म्हटलं, "लांबी म्हणजे लांबी रे, बॉडी ८८ कर आणि छाप."

सहा एएमएक्स आले. काय सुरेख प्रिंट होती! त्याच रात्री दिव्याखाली बसून हिरवे केले. शनिवारी टेबलावर शर्मनच्या बाजूला मांडले आणि सगळे गप्प झाले. पंधरा टनांचा हलका रणगाडा, आणि शर्मनपेक्षा सात मिलिमीटर लांब. आमच्यातला एक जण शांतपणे म्हणाला, "फ्रेंचांनी टायगर कधी काढला?" त्याला माहीत नव्हतं, पण १/७२ च्या टायगरची, त्या अवजड जर्मन रणगाड्याची, बॉडी ८८ मिलिमीटरच भरते.

६.३६ ही नळी पुढे धरून होणारी लांबी. बॉडी ४.८८ मीटरची, म्हणजे मला हवे होते ६८ मिलिमीटर. माझे सहाही १/५६ च्या आसपास गेले होते. शेवटी २८ मिलिमीटरच्या बाहुल्यांनी खेळणाऱ्या एकाला देऊन टाकले. त्याला ते तंतोतंत बसले. त्याने चहा पाजला.

पुढे नगरच्या रणगाडा संग्रहालयात खऱ्या एएमएक्सपाशी बराच वेळ उभा होतो. किती बुटका, आटोपशीर रणगाडा आहे तो! एकदा पाहिला असता तर ८८ हा आकडा तोंडून निघालाच नसता. तेव्हापासून व्हर्नियर कॅलिपरच्या डब्यात एक चिठ्ठी आहे: सेंच्युरियन १०६, शर्मन ८१, एएमएक्स ६८. फक्त बॉडी. नवीन वाहन आलं की रंगाच्या आधी कॅलिपर. रुंदीही मोजतो, कारण लांबी बरोबर आणि रुंदी भलतीच, असेही नमुने मिळाले आहेत.

"२८ मिलिमीटरचा रणगाडा द्या"

असा रणगाडा नसतो. २८ मिलिमीटर ही बाहुलीची उंची. तीही कुणी डोळ्यांपर्यंत मोजतो, कुणी टाळूपर्यंत. या नावाखाली १/५६, १/५० आणि १/४८ अशी तिन्ही वाहनं खपवली जातात. ५६ आणि ४८ मधला फरक घनफळात जवळजवळ साठ टक्के. विक्रेत्याला बॉडीचे मिलिमीटर विचारा. सांगता येत नसतील तर सरळ पुढच्याकडे जा.

बाकीच्या, भराभर

व्हिएतनाम युद्धाच्या डब्यातला एम-४८ए३ पॅटन १९६५ च्या पाकिस्तानी रांगेत नको. त्यांच्याकडे त्याआधीची मॉडेलं होती.

रेझिनच्या मॉडेलला प्लास्टिक जोडायचा सिमेंट लावून "चिकटत नाही" असे फोन करू नका. तो प्लास्टिक विरघळवून जोडतो, रेझिनवर त्याचं काही चालत नाही. तिथे सुपरग्लू. आणि रेझिन घासायचं ते पाणी लावून, तोंडाला मास्क बांधून.

जुलैत गॅलरीत प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) फवारू नका. दमट हवेत तो पिठासारखा बसतो. हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी पिठूळ पॅटन घेऊन येतो.

रंग मात्र सवडीने करा. एका कंपनीचा "ऑलिव्ह" पिवळट, दुसऱ्याचा काळपट. डब्यावरची सूचना पाळलीत तर प्रत्येक वाहन वेगळ्या सैन्यातलं वाटेल. माझ्याकडे सगळ्या भारतीय वाहनांना एकाच बाटलीतला हिरवा असतो, आणि वरून सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच वाटीतला चिखल. असल उत्तरला शेतात पाणी सोडलं होतं, तेव्हा चिखलाला कंजूषी नको. चार कंपन्यांची वाहनं चाकापर्यंत सारखी माखली की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. लोकांना मात्र हे शेवटचं काम खेळाच्या सकाळी, ओल्या रंगावर उरकायचं असतं.

आणि झाकणातून डोकावणारा कमांडर. वाहनं चार कंपन्यांची असली तरी चालेल, डोकी एकाच डब्यातली घ्या. टेबलाशी आलेला माणूस रणगाड्याचं माप त्या डोक्यावरूनच धरतो. माझ्याकडे एका जुन्या पेढ्याच्या डब्यात अशी चाळीसेक डोकी आहेत. घरात पाहुणे आले की तो डबा आधी लपवावा लागतो.