ऑफिसात एआय आणताना या चुका टाळा

एआयमुळे काम बिघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘टूलने चुकीचं दिलं.’ टूल चुकणारच. ते चुकीचं उत्तर ग्राहकापर्यंत किंवा कोर्टापर्यंत पोचलं कसं, आणि वाटेत ते कोणी वाचलं होतं का, हे विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. एआयने केलेल्या कामाखाली नाव कोणाचं, हे आधी कोणी ठरवलेलंच नसतं. खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

‘ते चॅटबॉट म्हणाला, आम्ही नाही’

एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की घरातल्या कोणाच्या निधनानिमित्त मिळणाऱ्या सवलतीचा अर्ज तिकीट काढल्यावरही करता येतो. कंपनीचा नियम नेमका उलटा होता. वाद कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणापुढे गेला, तेव्हा चॅटबॉटने दिलेल्या माहितीला आपण जबाबदार नाही असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो साफ फेटाळला: माहिती पानावर असो की चॅटबॉटने दिलेली, वेबसाइट कंपनीची आहे. व्याज आणि फी धरून भरपाई झाली सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर. रक्कम किरकोळ, पण बेअब्रू जगभर झाली.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, आणि म्हणूनच तो टाळला जातो. प्रत्येक वापरासमोर एका माणसाचं नाव लिहा. ‘आयटी विभाग’ किंवा ‘टीम’ लिहून चालणार नाही. नियम बदलला की चॅटबॉटला दिलेली माहिती बदलणं हेही त्याच माणसाच्या कामात धरा.

उत्तर खरं आहे का, हे त्यालाच विचारणं

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने सुचवलेले निवाडे कोर्टात सादर केले. त्यातले अनेक अस्तित्वातच नव्हते. संशय आल्यावर एका वकिलाने हे निवाडे खरे आहेत का असं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, आणि ‘हो’ असं उत्तर आल्यावर तो निर्धास्त झाला. पुढे ५,००० डॉलरचा दंड झाला. चोराला साक्षीदार करण्याचाच हा प्रकार, तरी ऑफिसात तो सर्रास चालतो: ‘नीट तपासून पुन्हा दे’ असं लिहायचं आणि तपासणी झाली असं धरायचं. आकडा, कलम, तारीख किंवा नाव तपासायचं तर मूळ कागद उघडावाच लागतो. त्यासाठी वेळ नसेल तर ते वाक्य मसुद्यातून काढून टाका.

तपासणारा आहे, तपासणी नाही

माझ्या मते सगळ्यांत धोकादायक चूक हीच, कारण कागदोपत्री सगळं ठीक दिसतं. धोरणात लिहिलेलं असतं, ‘प्रत्येक मसुदा माणूस तपासेल.’ मग त्या माणसाकडे दिवसाला शेकडो मसुदे येतात. पहिला आठवडा तो मन लावून वाचतो. नंतर मसुदे बरे वाटायला लागतात, भाषा तर त्याच्यापेक्षा सफाईदार असते, आणि बोट आपोआप ‘मंजूर’वर जातं.

हे ओळखायचं कसं? महिन्याभरात तपासणाऱ्याने किती मसुदे परत पाठवले किंवा बदलले, ते बघा. एकही नसेल तर एआय निर्दोष आहे असं समजू नका. ते कोणी वाचतच नाही, ही शक्यता आधी धरा. मधूनमधून मुद्दाम एखादा चुकीचा मसुदा रांगेत सोडा आणि तो पकडला जातो का ते पाहा. मात्र हे आधी सांगून करा, नाहीतर लोकांना तो सापळा वाटेल. शंभर मसुदे वरवर चाळण्यापेक्षा पैसे, आरोग्य किंवा नोकरीशी संबंध असलेले दहा नीट वाचलेले बरे.

मीटिंगचे मुद्दे काढणाऱ्या टूलचं उदाहरण घ्या. मीटिंगमध्ये कोणी म्हणतं, ‘मार्चपर्यंत जमेल असं वाटतं, पण खरेदी विभागाला विचारायला हवं.’ सारांशात ते ‘काम मार्चपर्यंत पूर्ण होईल’ असं उतरतं. काम तेच, महिना तोच, तरी अर्थ बदलला: शंका होती तिथे आश्वासन आलं. दोन महिन्यांनी तोच कागद कोणाच्या तरी तोंडावर मारला जातो. म्हणून सारांश पाठवण्याआधी ‘ठरलं’, ‘होईल’, ‘मान्य’ असे शब्द आलेल्या ओळी तरी बोलणाऱ्या माणसाला दाखवा.

आधी सगळी माहिती ओतणं, मग सगळंच बंद करणं

२०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ गोपनीय मजकूर, चॅटजीपीटीत टाकला. त्यानंतर कंपनीने अशा टूलच्या वापरावर बंदी घातली. चिंता समजण्यासारखी आहे. पण नुसती बंदी घालून, पर्याय न देता, बहुतेक ठिकाणी एवढंच होतं की लोक तेच काम खासगी फोनवर, खासगी खात्यातून करतात, आणि आता ते कोणाला दिसतही नाही. कंपनीच्या करारातलं एक मंजूर टूल द्या. त्यात टाकलेला मजकूर मॉडेलच्या, म्हणजे टूलमागच्या एआय यंत्रणेच्या, प्रशिक्षणासाठी वापरला जातो का आणि किती दिवस साठवला जातो, हे करारात वाचा, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

नाव काढलं म्हणजे माहिती सुरक्षित झाली, हाही एक गैरसमज. ‘लेखा विभागातली, गेल्या वर्षी रुजू झालेली, सध्या प्रसूती रजेवर असलेली कर्मचारी’ असं लिहिल्यावर नावाची गरजच काय? ऑफिसातला कोणीही ओळखेल. हुद्दा, विभाग, तारीख, यातलं प्रश्नाला जे लागत नाही ते सगळं गाळा.

माणसांचा निवाडा यंत्रावर सोडणं

अर्ज चाळायला अॅमेझॉनने एक प्रायोगिक टूल बनवलं होतं. जुन्या अर्जांवर शिकलेलं ते टूल स्त्रियांच्या अर्जांना डावं माप द्यायला लागलं. शेवटी कंपनीने तो नाद सोडला. २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. भूतकाळात ज्यांची निवड झाली त्यांच्यासारखेच शोध, असंच त्याला एका अर्थाने शिकवलं गेलं होतं. भरती, बढती आणि कामाचं मूल्यमापन यांत म्हणूनच वेगळी सावधगिरी हवी. युरोपीय संघाच्या एआय कायद्यात भरतीची टूल उच्च जोखमीच्या गटात आहेत. कामाच्या जागी कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर तर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच आहे.

याच गोत्रातली आणखी एक चूक: ‘हे एआयने लिहिलंय’ हे डिटेक्टरवरून, म्हणजे एआयचा मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या टूलवरून, ठरवून कर्मचाऱ्याला धारेवर धरणं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं टूल अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. डिटेक्टरच्या टक्क्यांवर शिस्तभंगाची नोटीस काढू नका. शंका असेल तर त्या माणसासमोर बसून मजकुराबद्दल विचारा.

काल चालत होतं, आज का नाही?

पुरवठादार मॉडेल बदलतो आणि तुम्ही टूलला नेहमी देता त्याच सूचनेला (प्रॉम्प्टला) वेगळंच उत्तर येऊ लागतं. अशा वेळी लोक सूचना लांबवत बसतात. त्याआधी तुलनेला काहीतरी हातात हवं. ज्यांची उत्तरं पक्की माहीत आहेत असे वीस-पंचवीस जुने नमुने जपून ठेवा, त्यात दोन-चार अवघडही असू द्या, आणि बदल दिसला की तेच पुन्हा चालवून बघा. सूचना कोणी, कधी बदलली याची नोंदही ठेवा. अर्ध्या तक्रारींचं कारण आपल्याच सहकाऱ्याने केलेली ‘छोटीशी सुधारणा’ असतं!

आणि वाचलेला वेळ मोजताना मसुदा किती लवकर आला एवढंच मोजू नका. तो दुरुस्त करायला लागलेला वेळही धरा.

चूक बाहेर गेल्यावर

घाबरून चॅट पुसू नका. प्रश्न, उत्तर, वेळ आणि टूलची आवृत्ती जतन करा. त्याशिवाय कारण सापडणार नाही. मग तोच मजकूर आणखी कोणाकोणाला गेला ते शोधा आणि त्यांना स्वतःहून कळवा. ज्याने चूक सांगितली त्याच्यावर पहिल्यांदा खेकसलात, तर पुढची चूक तुमच्या कानावर येणार नाही. स्वयंचलित उत्तरं तात्पुरती थांबवायचा अधिकार दोघांकडे तरी द्या, म्हणजे सुट्टीच्या दिवशी एक जण फोन उचलत नसला तरी दुसरा ती बंद करू शकेल.