जेट्टीवरून गरवताना दोरीला झोल पडला तर काय करायचं

जेट्टीवरून गळाला लागलेला मासा सुटतो तो बहुतेक वेळा दोरीच्या झोलामुळे, आमिष कितीही ताजं असू दे. धक्का उंच असतो, रॉडच्या टोकापासून पाण्यापर्यंतच कितीतरी दोरी हवेत लोंबत असते, त्यात मुंबई-रायगडकडे उधाणाला पाणी 4 मीटरपेक्षा जास्त चढतं-उतरतं, म्हणजे भरतीला नीट ताणून ठेवलेली दोरी सुकतीला तशी राहतच नाही, सारखं बघावं लागतं.

सुरुवात फेकण्यापासून. शिसं (दोरीला बांधलेलं वजन) पाण्यावर पडायच्या जरा आधी स्पूलवर, म्हणजे रीलच्या ज्या चाकावर दोरी गुंडाळलेली असते त्यावर, बोट टेकवून दोरी आवरा, मग तळ लागेपर्यंत सोडा. तळ लागला की बेल (दोरी सोडताना उघडतो तो रीलवरचा तारेचा दांडा) हातानेच बंद करा, हँडल फिरवून नको, आणि रीलच्या पुढची दोरी दोन बोटांत धरून एकदा ताणून घ्या, मगच गुंडाळा. हे केलं नाही तर सैल वेटोळी स्पूलवर बसतात आणि पुढच्या फेकीला ब्रेडचा (विणलेल्या बारीक दोरीचा) असा गुंता बाहेर येतो की कापण्याशिवाय इलाज नाही.

दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की दोरीला पोट येतं. तेव्हा रॉडचं टोक खाली पाण्याकडे धरा, जितकी दोरी हवेत कमी तितका झोल कमी. बारीक ब्रेड वारा कमी धरते, फक्त पुढे गळाजवळ जाड मोनोचा (एकेरी नायलॉन दोरीचा) लीडर, म्हणजे शेवटचा तुकडा, हवाच कारण खांबांना कालवं चिकटलेली असतात आणि ती ब्रेड क्षणात कापतात.

पाण्याची ओढ कुठे आहे ते आधी बघा. ओढ जेट्टीकडे येत असेल तर शिसं लोळत तुमच्याच पायाखाली येतं, तुम्ही गुंडाळत बसता आणि शेवटी सगळं खांबात अडकतं. सरळ दुसऱ्या बाजूला जा, जिथे पाणी तुमच्यापासून लांब वाहतंय, तिथे ओढच दोरी ताणून धरते. जागा बदलता येत नसेल तर शिसं वाढवा, 60 ग्रॅम टिकत नसेल तर 100 लावा. भांगाच्या दिवसात, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ओढ कमी असते, नवीन माणसाने तेव्हाच शिकावं असं मला वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताणलेली दोरी अचानक ढिली पडली तर शिसं सरकलं असं धरून बसू नका, बऱ्याचदा मासा आमिष उचलून तुमच्याकडेच येत असतो. लगेच झटका मारला तर तो नुसता झोलाला बसतो, गळाला काहीच लागत नाही. आधी भराभर गुंडाळा, पलीकडे वजन जाणवलं की मग झटका द्या, आणि सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) असेल तर झटका नकोच, गुंडाळत राहा, तो आपोआप जबड्याच्या कडेला बसतो.

लागलेला मासा जेट्टीकडे धावला तर रॉड वरखाली करत बसू नका, रॉड वाकलेला ठेवून जोरात गुंडाळा, मागे मोकळी जागा असेल तर मागे चालत जा. तांबोशी हमखास खांबात घुसते, म्हणून तिला पहिल्या धावेतच बाजूला वळवायचं, दोरी सैल मिळाली की ती आत गेलीच म्हणून समजा. जिताडा पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, तेवढ्यात दोरी ढिली असेल तर गळ उडून जातो, म्हणून तो वर येताना दिसला की टोक खाली घ्या पण ताण सोडू नका. ड्रॅगमधून (जास्त ओढ आली की दोरी सोडणाऱ्या रीलच्या ब्रेकमधून) दोरी सुटत असताना हँडल फिरवू नका, दोरीला पीळ बसतो.

मासा दमून खाली आला की बरेच जण रॉडनेच वर उचलतात, आणि उचलताना धक्क्याला आपटून क्षणभर झोल पडला की गेला. दोरखंडाला बांधलेली गोल जाळी खाली सोडा, सोबत्याला ती धरायला सांगा आणि तुम्ही दोरी ताणूनच मासा जाळीवर आणा.

रॉडशिवाय हातानेच दोरी टाकत असाल तर ओढून घेतलेली दोरी पायात नको, बादलीत पडू दे, आणि बोटाला कधीही गुंडाळू नका, मोठा मासा फिरला तर बोट चिरतं. लाँच यायच्या आधी सगळं वर ओढून घ्या, सैल दोरी पंख्यात गेली तर लाँचवाल्याला त्रास आणि मग जेट्टीवर गरवायलाच बंदी येते.